जुन्या ही-मॅनचं कोपर वाकत नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबाहेर झालेला हा व्यवहार. घेणारे गृहस्थ फोंड्याचे, देणारा ऑनलाइन जाहिरातीतून भेटलेला. माल म्हणजे जुने म्हणून विकलेले खेळण्यातले बाहुले: एक सुटा ही-मॅन 'ओरिजिनल १९८२', दोन सुटे जी. आय. जो सैनिक हत्यारांसह, एक जी. आय. जो कार्डावर सीलबंद, 'फनस्कूल १९८९', आणि पुरावा म्हणून दुकानाचं जुनं बिल. एकूण १८,५०० रुपये. अर्धे आगाऊ यूपीआयने, उरलेले गाडीच्या बॉनेटवर वस्तू मांडून, पाच मिनिटांत. त्या मालात खरोखर जुनी निघाली ती एका जी. आय. जोची छाती आणि दुसऱ्याचे पाय.

आधी गोष्टीबद्दल, कारण विकली गेली ती गोष्टच. ही-मॅन म्हणे मामाने आणलेला. मामा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला; बोट हाँगकाँगला लागली तेव्हा घेतला. जी. आय. जो मावशीच्या यजमानांकडून. ते खोर्लीच्या कारखान्यात होते. गोव्यात या दोन्ही गोष्टी कुणालाही पटतात. तारवटी घरोघरी होते आणि येताना खेळणी आणायचेच. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली उभ्या राहिलेल्या फनस्कूलचा कारखाना जुने गोव्याजवळ खोर्लीला आहे, हेही खरं. पण कारखाना इथे आहे म्हणून तुमच्या हातातला बाहुला तिथून, त्या साली बाहेर पडला असं होत नाही.

आता ही-मॅन. मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये काढलेला मूळ बाहुला साडेपाच इंची. तो मान, खांदे, कंबर आणि मांड्या इथेच हलतो. कोपर वाकत नाही, गुडघा वाकत नाही, मनगट फिरत नाही. कंबर पिळून सोडली की आतल्या स्प्रिंगमुळे धड झटक्यात परत फिरतं आणि ठोसा बसतो. पाय आत रबराने बांधलेले असतात. ते रबर सैल पडलं की पाय लोंबतात, तुटलं की गळून पडतात. डोकं मऊ आणि पोकळ, दाबलं तर दबतं.

२०२० पासून मॅटेलने 'ओरिजिन्स' नावाची मालिका काढली. तीही मुद्दाम साडेपाच इंची, चेहरामोहरा जुनाच, कार्डही जुन्या धर्तीचं. पण सांधे सोळा, आणि डोकं, हात, पाय ओढून काढता येतात, एकाचे दुसऱ्याला लावता येतात. म्हापशाला विकला गेला तो हाच. पाठीवरची कोरलेली अक्षरं पॉलिश पेपरने घासलेली, वर चहाच्या पाण्याचा मळकट हात. घेणाऱ्याने तो फिरवून पाहिला, कोपर वाकवलं आणि खूशच झाला. यात त्याला हसण्यासारखं काही नाही. पस्तीस वर्षं खेळणं हातात नसलं की कार्टूनमधला ही-मॅन आणि कपाटातला ही-मॅन डोक्यात एकच होतात, आणि कार्टूनमधला कोपर वाकवतोच. म्हणून हीच चाचणी पहिली: कोपर वाकलं की विषय संपला.

कोपर वाकलं नाही म्हणजे १९८२ चाच, असंही नाही. २००० साली मॅटेलने जुन्या बाहुल्यांच्या स्मारक आवृत्त्या काढल्या, त्या मुळाला फार जवळच्या आहेत. फोटोवरून ठरवू नका. पाठीवरचं प्रत्येक अक्षर भिंगाने वाचा. अक्षरं घासलेली असतील तर तेच उत्तर. उलट बाजूही सांगायला हवी. भारतात लिओ या खेळण्यांच्या ब्रँडच्या नावाने निघालेल्या ही-मॅनचे रंग अमेरिकी बाहुल्यांपेक्षा वेगळे दिसतात. रंग जुळत नाही एवढ्यावरून माल नकली म्हणून परत करणारेही फसतात. तो बाहुला दुसरा कुणीतरी शांतपणे उचलतो.

अंगावर कोरलेल्या सालाने सर्वांत जास्त लोक बुडतात. ते साल आराखड्याच्या हक्काचं असतं, बाहुला ओतल्याचं नव्हे. साचा वर्षानुवर्षं चालतो आणि साल तेच राहतं. फनस्कूलने हॅस्ब्रोचे जुने साचे वापरून १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही जी. आय. जो काढले. म्हणजे अंगावर १९८० च्या दशकातलं साल, पण ओतला गेला २००० च्या आसपास, असा बाहुला पूर्ण अस्सल असू शकतो. तो खोटा नाही. '१९८५ चा' म्हणून लावलेली किंमत खोटी.

जी. आय. जोचा पावणेचार इंची अवतार १९८२ चा. त्याच्या पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की छातीचे दोन भाग सुटतात आणि आत साधारण दीड सेंटिमीटरची काळी रबरी रिंग दिसते. तीच छाती आणि पाय एकत्र धरते. ती वयाने कडक होते, तडकते, आणि एक दिवस बाहुला मधून दोन तुकडे होतो. रिंग बदलणं हा गुन्हा नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण 'कधीच न उघडलेला' म्हणून दिलेल्या बाहुल्यात रिंग मऊ लवचिक असेल, तर तो उघडला गेला आहे. आणि उघडला गेला असेल तर आतले भाग कोणाचे, हे विचारायलाच हवं. म्हापशाच्या दोन्ही बाहुल्यांत तसंच होतं. एकाची छाती जुनी, कंबर आणि पाय दुसऱ्याचे. दुसऱ्याचे पाय जुने, वरचं धड आजकालच्या नकली ओतकामाचं. छातीच्या आणि पायाच्या हिरव्यात फरक होता, पण तो ट्यूबलाइटखाली दिसत नाही. दुपारच्या उजेडात, सावलीत धरून पाहा.

आणखी दोन खुणा. १९८२ च्या पहिल्या तुकडीत दंड आडवा फिरत नव्हता, ते १९८३ पासून आलं. तेव्हा 'पहिल्या वर्षाचा' म्हणून दिलेल्याचा दंड फिरला तर पहिल्या वर्षाची किंमत देऊ नका. आणि अंगठे पाहा. जाड मुठीचं हत्यार कोंबलं की अंगठा तुटतो, मग तो चिकटवला जातो. भिंगाखाली चिकटवलेल्या रेषेवर चकाकी दिसते. हत्यारं तर बहुतेक वेळा नंतर बनवलेलीच मिळतात. विकणारा तसं सांगत असेल तर घ्यावीत.

झीज कुठे झाली आहे ते बघा. खेळलेल्या बाहुल्याचं नाक, मुठी, गुडघ्यांचे कंगोरे, कमरेचा पट्टा आधी घासतो. काखेत आणि मांड्यांच्या आत रंग शाबूत राहतो. चहा, कॉफी, बूट पॉलिश फासून केलेलं म्हातारपण सगळीकडे सारखं पसरतं आणि नेमकं काखेत जास्त साचतं. विकणाऱ्याची परवानगी घेऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा तळपायावर फिरवा. तपकिरी उतरलं तर ते वय नव्हे. नेलपेंट रिमूव्हर मात्र चुकूनही नको, त्यातलं अॅसिटोन प्लास्टिकच विरघळवतं.

आणि आपली हवा. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, कौलातली ओल. इथल्या माडीवर पस्तीस पावसाळे काढलेल्या बाहुल्याचा स्क्रू चकचकीत असेल तर तो बदललेला आहे किंवा बाहुला इथे नव्हताच. कार्डाला ओलीने बाक येतो, कसर कडा खाते, बबल म्हणजे बाहुल्यावरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच पिवळं पडतं. पत्र्याच्या पेटीत नीट ठेवलेला माल यातून वाचू शकतो, ते कबूल; मग पेटी दाखवा म्हणायचं.

सीलबंद कार्ड हा या व्यवहारातला सर्वांत महाग तुकडा होता, ८,००० रुपयांचा. त्याला दहापट भिंग लावलं. ऑफसेट छपाईत चित्र नेटक्या ठिपक्यांच्या फुलोऱ्याने बनतं आणि बारीक काळी अक्षरं सलग काळ्या शाईची, धारदार कडांची असतात. जुनं कार्ड स्कॅन करून छापलं की अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची होतात, कडा विसविशीत. इथे मजकुरातली सगळी अक्षरं निळ्या-गुलाबी ठिपक्यांची होती. बबलच्या कडेला गोंद ओघळून सुकलेला. कारखान्यात बबल उष्णतेने दाबून बसवतात, त्याची कड सपाट आणि सारखी असते. कार्डाला कुठे बाक नाही, बबल पाण्यासारखा स्वच्छ.

भिंग नसलं तरी मागचा मजकूर वाचता येतो, आणि तो कुणी वाचत नाही. मद्रासचं चेन्नई झालं १९९६ मध्ये. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला. कंपनीच्या पत्त्यात चेन्नई किंवा खाली संकेतस्थळ असेल तर ते कार्ड १९८९ चं नाही. आयएसआयचा शिक्का दिसला तर त्याहून नवं. खेळण्यांवर तो सक्तीचा झाला १ जानेवारी २०२१ पासून. ही कार्डं छापणारे नंतरच्या काळातलं खरं कार्ड स्कॅन करतात आणि फक्त साल बदलतात, म्हणून अशा चुका राहतात.

बिल तर विनोदीच होतं. तारीख १९८८, कागद पिवळा, आणि माथ्यावर टिन, म्हणजे व्यापाऱ्याचा करनोंदणी क्रमांक. टिन आला व्हॅटबरोबर, आणि गोव्यात व्हॅट लागू झाला १ एप्रिल २००५ ला.

नव्या मालावर राग काढायचं कारण नाही. ओरिजिन्स ही-मॅन खेळणं म्हणून जुन्यापेक्षा सरस आहे, जी. आय. जोचे २०२० पासूनचे सहा इंची 'क्लासिफाइड' मालिकेतले बाहुले तर कोरीव कामात कितीतरी पुढे. महाग आहेत, कारण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. नवा म्हणून नव्या भावाने घ्यावा. अडचण येते ती शब्दांत. जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहिलेलं, तक्रार केल्यावर उत्तर आलं, "बाबा, मी व्हिंटेज स्टाइल म्हटलं होतं." म्हणून पैसे देण्याआधी चॅटवर एकच वाक्य लिहून मागा: कोणत्या कंपनीने, साधारण कोणत्या काळात बनवला, कोणता भाग बदललेला आहे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. सामान घरपोच येणार असेल तर पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तर त्याच वेळी येते. विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. घरातली वस्तू एकदाच विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध ग्राहक आयोगाचा उपयोग होत नाही, तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी घ्या, तक्रारीची कुणकुण लागताच जाहिरात उडते.

फोंड्याच्या गृहस्थांना तक्रारीची भाषा केल्यावर ८,००० रुपये परत मिळाले, एका अटीवर: सीलबंद कार्ड परत द्यायचं. बाकी तीन बाहुले विकणाऱ्याने मागितलेही नाहीत. त्यांनी कार्ड देऊन टाकलं, ते द्यायला नको होतं. ते आता पुन्हा कुणाच्या तरी बॉनेटवर मांडलं जाईल. ओळखायची खूण: मागच्या बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, साल १९८९ आणि त्याच्याच वरच्या ओळीत चेन्नई.