बोन्सायची कुंडी बदलायची कधी: दिवाळीनंतर की शिवरात्रीला?

थंड मुलखात पानगळीच्या दिवसांत कुंडी बदलायला लोक कचरतात. कुंडी बदलताना मुळं छाटतात, ती गोठण्याची भीती. कोल्हापुरात तो प्रश्नच नाही. दिवाळीनंतर माती उबदार, ऊन उतरलेलं, जखमा भरायला निवांत वेळ.

पण आपला पिंपळ तेव्हा हिरवागार असतो की! त्याची पानं झडतात ती साधारण माघ-फाल्गुनात. भरल्या पानांवर मुळं छाटली, तर उरलेल्या मुळांना पाणी पुरवता येत नाही आणि फांद्या माना टाकतात. म्हणून माझं मत शिवरात्रीला. पानांचे डोळे, म्हणजे कोंब, फुगलेत पण उघडले नाहीत, तेव्हा मुळं छाटा. एक तृतीयांशाहून जास्त नको. पाठोपाठ उन्हाळा येतो, तेव्हा महिनाभर सावली हवीच. चाफ्याला मात्र छाटल्यावर दोन-चार दिवस पाणी देऊ नका, मुळं कुजतात.