बॅज टर्बोचा, गिअरबॉक्स साध्या गाडीचा: ९,२०० पौंडांना मी कसा फसलो

मंडळी, हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात समोरच्याच्या लबाडीपेक्षा माझी अक्कल जास्त उघडी पडते. पण मागच्या महिन्यात ऑफिसातला एक पुण्याचा पोरगा म्हणाला की दादा मी पण जपानहून आलेली टोयोटा एमआर२ टर्बो बघायला चाललोय, फोटो एकदम कडक आहेत, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

मी इंग्लंडमध्ये राहतो, स्लाउजवळ. लहानपणी आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या सुमोच्या मागे टर्बो लिहिलेलं असायचं, आत टर्बो असो नसो. त्या स्टिकरचं वेड डोक्यात राहिलं ते राहिलंच. चाळिशी आली, घराचे हप्ते जरा आवाक्यात आले आणि ठरवलं की एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची. टोयोटा एमआर२, दुसऱ्या पिढीची, एसडब्ल्यू२० म्हणतात ती. १९८९ ते १९९९ पर्यंत निघाली, दोन सीट, इंजिन सीटच्या मागे, लांबून फेरारीची धाकटी बहीण वाटते.

आता या गाडीत दोन जाती. एक साधी, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, सगळे एनए म्हणतात. इंजिन स्वतःच्या ताकदीने हवा ओढतं. दुसरी टर्बो, सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं आणि ते इंजिनात हवा कोंबतं. जपानमध्ये एनए गाड्यांचे ग्रेड जी आणि जी-लिमिटेड, टर्बोचे जीटी आणि जीटी-एस. मजा म्हणजे टोयोटाने इंग्लंडमध्ये या पिढीची टर्बो अधिकृतपणे कधी विकलीच नाही, त्यामुळे इथे दिसणारी टर्बो जवळपास नेहमी जपानहून वापरून आलेली इम्पोर्टच असते. पण उलटं खरं नाही हां, इम्पोर्ट आहे म्हणजे टर्बो आहे असं नाही, एनए पण ढिगाने आल्यात. माझा खड्डा इथेच होता.

सहा महिने मी रात्री जागून आकडे पाठ केले. बायको म्हणायची परीक्षा आहे का रे तुझी. सुरुवातीची जपानी टर्बो २२५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच समजा), १९९३ च्या शेवटी जी सुधारलेली आली, जिला रेव्ह ३ म्हणतात, ती २४५ पीएस. त्याच काळातली एनए आधी १६५ आणि मग १८०. टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवायच्या जोरात, तर जमीन अस्मानाचा फरक, टर्बोचा ३०४ न्यूटन मीटर आणि एनएचा १९१. एनएचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते, १० च्या आसपास, टर्बोचं साडेआठ ते नऊच्या मध्ये, कारण आधीच कोंबलेली हवा अजून दाबली की इंजिन ठोकायला लागतं. सगळं तोंडपाठ. विचाराल तर आजही म्हणून दाखवेन. उपयोग शून्य झाला.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या बाजूची एक जाहिरात दिसली. १९९४ ची, रेव्ह ३ टर्बो, लाल, टी-बार छप्पर (मधली पट्टी सोडून दोन्ही बाजूंच्या काचा काढता येतात ते), ८२,००० किलोमीटर, एकदम ओरिजिनल, खाजगी विक्री, बायको गरोदर आहे म्हणून नाइलाजाने विकतोय, वगैरे. किंमत ९,५००. तेव्हा तशीच नीटनेटकी एनए मला साडेचार हजारात मिळत होती, म्हणजे टर्बो या एका शब्दासाठी मी दुप्पट द्यायला निघालो होतो.

शनिवारी एम४० मोटरवेने वर गेलो. पोचेपर्यंत पाऊस, त्यात ढगांनी चार वाजताच अंधारून आलेलं. माणूस गोड बोलणारा, चहा विचारला, गाडी माझ्या यायच्या आधीच गरम करून ठेवलेली (थंड इंजिन सुरू होताना बघायचं असतं हे मला माहीत होतं, विचारायचं राहिलं). मागे टर्बोचा बॅज, इंजिनावर टर्बोवालं उंच झाकण, डॅशबोर्डवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा काटा. चालवून बघितली. तीन हजार आरपीएमपर्यंत जरा निवांत आणि मग मागून कुणीतरी ढकलावं तशी सुटली, काटा वर, मी खूश. आणि इथे नीट ऐका, ती ओढ खोटी नव्हती. गाडीत टर्बो इंजिन खरंच होतं. म्हणूनच मी गाफील राहिलो, नुसता बॅज लावलेला असता तर पहिल्या चढावर कळलं असतं.

इंजिनचं झाकण उघडलं तेव्हा पाऊस इतका की दोन मिनिटांत बंद केलं. तसंही या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आणि चारी बाजूंनी दाटीवाटी, वरून बघितलं तर काळी विहीर. मोबाईलवर एक फोटो तेवढा काढला.

कागद बघितले. व्ही५सी, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासारखं, त्यावर नाव दुसऱ्याचं. म्हणाला भावाचं आहे. इंजिन १९९८ सीसी लिहिलेलं, मी मान डोलावली. अरे पण एनए पण १९९८ सीसीच आहे! दोन्ही इंजिनं ३एस घराण्यातलीच, एक ३एस-जीई आणि एक ३एस-जीटीई, मग त्या आकड्याने काय सिद्ध होणार कप्पाळ. जपानहून निघताना जो निर्यातीचा कागद मिळतो त्यावरही चासी नंबर एसडब्ल्यू२० ने सुरू होतो, एनए असो की टर्बो. म्हणजे मी जे कागद बघून समाधानी झालो त्यातला एकही कागद या दोन गाड्या वेगळ्या करू शकत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं, मला नव्हतं.

तीनशे पौंड कमी करून घेतले, त्याचाही आनंद झाला, ९,२०० ट्रान्सफर केले आणि घरी येताना बायकोला फोन केला की डील मारलं.

पाच महिने मजेत गेले. मार्चमध्ये तिसऱ्या गिअरमध्ये घरघर सुरू झाली, मग एक दिवस जोरात ओव्हरटेक करताना गिअर उडाला आणि परत बसेना. दुसऱ्यातून डायरेक्ट चौथ्यात टाकत कसाबसा एका जुन्या जपानी गाड्यांवर काम करणाऱ्या म्हाताऱ्याच्या गॅरेजपर्यंत गेलो. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, हिच्यात एनएचा गिअरबॉक्स कुणी बसवला?

मी म्हटलं, कुणी बसवणार, ओरिजिनल गाडी आहे. तो हसला पण नाही बिचारा, त्याला बहुतेक माझी कीव आली असावी.

झालं असं होतं की टोयोटाने टर्बोला ई१५३ नावाचा दणकट, मोठा गिअरबॉक्स दिला होता आणि एनएला एस५४, हलका. ३०४ न्यूटन मीटर त्या एस५४ मधून रोज नेले की तो आज ना उद्या दात सोडणारच, म्हणजे बैलगाडीच्या जूला ट्रॅक्टर जोडल्यासारखं. आणि गिअरबॉक्स एनएचा होता कारण मूळ गाडीच एनए होती. गाडीच्या बॉडीवर टोयोटाची एक छोटी धातूची पाटी असते, मॉडेल कोड, इंजिन, रंग सगळं त्यावर. म्हाताऱ्याने फडक्याने पुसली. इंजिन: ३एस-जीई. मध्ये टी नाही. एका अक्षरासाठी चार हजार सातशे पौंड जास्त मोजले होते आणि ते अक्षर तिथे नव्हतंच. पाच महिने ती पाटी माझ्या नाकासमोर होती, मी दर रविवारी गाडी पुसत होतो, तिच्यावरची धूळ तेवढी राहिली होती.

पुढचं ऐका. आतलं इंजिन टर्बो, पण रेव्ह ३ चं नाहीच, आधीच्या पिढीचं, २२५ वालं. ओळखायचं कसं, तर जुन्या इंजिनात एअर फिल्टरपाशी हवा मोजणारा एक झडपेचा डबा असतो, एअर फ्लो मीटर, आणि रेव्ह ३ मध्ये तो काढून प्रेशर सेन्सर दिला. घरी येऊन मी तो पावसातला फोटो मोठा करून बघितला. डबा मधोमध दिसतोय, फोकसमध्ये. हे मला आधीपासून माहीत होतं हो, विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं!

बूस्टचा काटा आला कुठून? तर अख्खा मीटरचा संच कुठल्या तरी टर्बो गाडीतून काढून लावलेला, कारण एनएत त्या जागी बॅटरीच्या व्होल्टेजचा काटा असतो. म्हणजे ते ८२,००० किलोमीटर पण दुसऱ्याच गाडीचे. आणि याचा पुरावा सरकारच्या साइटवर फुकट पडलेला होता. इथे गाडीची दरवर्षी एमओटी टेस्ट होते, नंबर टाकला की जुन्या टेस्ट दिसतात, प्रत्येकीला ओडोमीटरचा आकडा. मी घ्यायच्या आधी बघितलं होतं, पण फक्त वरचं हिरवं पास. खाली गेलोच नाही. खाली गेलो असतो तर दिसलं असतं की मध्ये दोन वर्षं टेस्टच नाही आणि त्या खंडानंतर आकडा वाढायच्या ऐवजी पंचवीस हजाराने कमी झालाय. त्या दोन वर्षांतच कुणाच्या तरी शेडमध्ये हे सगळं उघडून जोडलेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

सगळ्यात घाम फुटला तो इन्शुरन्सचा विचार करून. मी इम्पोर्टेड एमआर२ टर्बो म्हणून पॉलिसी घेतली होती, इंजिन बदललेली एनए म्हणून नाही. इथे गाडीतले बदल सांगावे लागतात, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करू शकतात. मुलाला शेजारी बसवून फिरलोय मी त्या गाडीत. फोन करून खरं सांगितलं, त्यांनी इंजिनियरचा रिपोर्ट मागितला, प्रीमियम वाढवला, पण निदान कागद सरळ झाले.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला खाजगी विक्री आहे, बघून घेतलीस, आता माझा संबंध नाही, आणि ठेवला. इथे बरेच जण गप्प बसतात, मीही बसणार होतो. पण बायकोने त्याचा फोन नंबर नुसता सर्च केला तर त्याच नंबरवर अजून चार गाड्या विकायला होत्या, त्यातल्या दोन जाहिरातींत पण बायको गरोदर. म्हणजे हा धंदेवाला. धंदेवाला असला की २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, गाडी सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली तर तीस दिवसांत परत करता येते, आणि सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो विकतानाच होता असं धरून चालतात, नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. खाजगी माणूस असला तरी वस्तू वर्णनाप्रमाणे असायलाच लागते, हे पण मला तेव्हाच कळलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, रेव्ह ३ टर्बो ओरिजिनल असं ठसठशीत लिहिलेलं. सहा महिन्यांत एवढी एकच शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून झाली होती आणि ती पण मित्रांना दाखवून मिरवायला.

आधी रीतसर पत्र पाठवलं, मग छोट्या दाव्यांच्या कोर्टात ऑनलाइन दावा, फीच ४५५ पौंड. मग कोर्टाकडून फुकट फोनवरची मध्यस्थी, तासाभराची. मध्यस्थ बाई एकदा माझ्याशी बोलणार, एकदा त्याच्याशी, तो आधी शून्य म्हणत होता, गॅरेजचा रिपोर्ट आणि त्या चार जाहिराती आहेत म्हटल्यावर हळूहळू वर आला. २,६०० वर मिटवलं. लढलो असतो तर जास्त मिळाले असते कदाचित, पण मला त्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. जुना ई१५३ शोधून बसवला, त्याचे पैसे वेगळे, तो आकडा बायको वाचते म्हणून इथे लिहीत नाही. दरम्यान एका ओळखीच्याची एनए दिवसभर चालवली आणि खरं सांगू का, मला तीच जास्त आवडली. पाय ठेवला की लगेच उत्तर, वळणात मध्येच बूस्ट येऊन मागची बाजू सुटायची धास्ती नाही. इंजिन मध्ये असलेली ही गाडी ओल्या रस्त्यावर एकदा सुटली की गरकन फिरते, त्यात मध्येच येणारी टर्बोची लाथ म्हणजे आमच्यासारख्यांचं काम नाही. सरळ रस्त्यावर टर्बोची मजा आहेच, नाही म्हणत नाही, पण इंग्लंडात सरळ रिकामा रस्ता मिळतो किती?

त्या पुण्याच्या पोराबरोबर परवा मी स्वतः गेलो होतो, टॉर्च, छोटा आरसा आणि फडकं घेऊन. पाटी पुसली, जीटीई निघाली, गिअरबॉक्स पण बरोबर, एमओटीचे आकडे चढते. टी-बारमधून पाणी गळतं तेवढं, ते सगळ्यांचंच गळतं. त्याने घेतली. अजून कुणी लंडन ते बर्मिंगहॅम पट्ट्यात अशी गाडी बघायला जाणार असेल तर मला कळवा, जमलं तर येतो, फक्त रविवार सकाळ सोडून, तेव्हा मुलाची मराठी शाळा असते.