ग्रहविज्ञानाचा प्राध्यापक नेमायचा तर कुठला? सोलापूरपुरता विचार

सोलापूर विद्यापीठात प्रायोगिक ग्रहविज्ञानाची जागा निघाली, असं धरून चालू. अर्जांचे ठळक दोन गठ्ठे पडतील. एकात अशनींवर काम करणारे, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांचं रसायन मोजणारे. दुसऱ्यात चंद्राची किंवा मंगळाची परिस्थिती प्रयोगशाळेत उभी करून माती, खडक, किरण यांवर प्रयोग करणारे. शोधनिबंध दोघांकडेही भरपूर असतात, त्यामुळे निबंध मोजून निर्णय होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: सोलापूरने दुसऱ्या गठ्ठ्यातला माणूस घ्यावा.

अशनीवाल्यांचं काम मोठं आहे, यात वाद नाही. सूर्यमालेचं सुमारे ४५७ कोटी वर्षांचं वय अशनींमधल्या समस्थानिकांवरूनच, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, कळलं. १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेला दगड मंगळावरून आलेला निघाला. आपल्या महाराष्ट्रातही मे २०१२ मध्ये काटोलला अशनी पडल्या. पण या कामाला लागणारा, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर काही कोटींचा असतो, शिवाय धूळमुक्त खोली, दरवर्षीचा देखभाल करार आणि अखंड वीज. जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागली आणि मधे यूपीएसने दगा दिला, की पंप थांबतात, निर्वात बिघडतो आणि यंत्र पुन्हा स्थिर होईपर्यंत मोजणी बंद. नमुन्यांचाही प्रश्न आहेच. देशात पडलेल्या अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ताब्यात जातात आणि संशोधकाला मिळतो तो छोटासा तुकडा.

अहमदाबादच्या पीआरएलमध्ये, म्हणजे भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, अशनींचं काम कित्येक दशकं चालू आहे. तिथे वेळ मागून मोजण्या करता येतात, असं उमेदवार सांगेल, आणि ते खरंही आहे. पण मग यंत्र अहमदाबादेत आणि आपला एम.एस्सी.चा विद्यार्थी इथे केगावात, विद्यापीठाच्या आवारात. त्याच्या हाताला काम मिळणार नाही.

आता दुसरा पर्याय. सोलापूर दख्खनच्या बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, बसलंय. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना आपण ससा म्हणतो, तेही बसाल्टचेच. बसाल्टमध्ये आघाताने झालेलं लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आपल्याच राज्यात आहे. आघाताच्या दाबाने खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली शेरघाटीच्या दगडात, आणि लोणारच्या खडकातही ती सापडते. म्हणजे मंगळाच्या दगडातली खूण अभ्यासायला सहलीच्या एसटीने जाता येईल. यंत्रसामग्रीची सुरुवातही आवाक्यातली: क्रशर, चाळण्या, भट्टी, निर्वात पेटी, परावर्तित प्रकाश मोजणारा स्पेक्ट्रोमीटर. पायरॉक्सिन हे खनिज १ आणि २ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषतं. चंद्राभोवती फिरणारी यानं तेच पाहतात, आणि तेच इथल्या टेबलावर दाखवता येतं.

मात्र इथेच उमेदवाराची खरी परीक्षा आहे. खडीक्रशरवरची कच आणून ७० मायक्रॉनपर्यंत चाळली की चंद्राची माती झाली, असं जो म्हणेल त्याला घेऊ नका. आपल्या बसाल्टचा एखादा ताजा फोडलेला तुकडा भिंगाखाली धरा. पोकळ्यांमध्ये झिओलाइटं ही पांढरी खनिजं दिसतील, कडांना चिकणमातीची हिरवट झाक. हे सगळं पाण्याने केलेलं, आणि चंद्राच्या बसाल्टमध्ये असं काहीच नाही. इथल्या लोहाचं बरंच ऑक्सिडीकरणही झालेलं असतं. शिवाय चांद्रयान-३ उतरलं तो उंच भाग बसाल्टचा नाही, तिथे अनॉर्थोसाइटच्या जातीचा, म्हणजे बहुतांश फेल्डस्पारचा फिकट खडक आहे. म्हणूनच इस्रोने नकली चांद्रमाती तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीच्या खडकापासून केली. या अडचणी उमेदवाराने आपण विचारायच्या आधी सांगितल्या, तर तो कामाचा.

अतिवेगवान गोळा आदळून विवर तयार करणारी गॅस गन आणणारा तिसरा प्रकारही असतो. सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाची यंत्रणा आणि तिची सुरक्षाव्यवस्था पहिल्याच नेमणुकीत नको.

पद कुठलं ठेवायचं, हाही निर्णयच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाच्या थेट भरतीला साधारणपणे पीएच.डी., १० शोधनिबंध, १० वर्षांचा अनुभव, संशोधनाचे १२० गुण आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा लागतो. परदेशातल्या प्रयोगशाळेतून किंवा इस्रोच्या केंद्रातून येणारा माणूस नेमका या शेवटच्या अटीवर छाननीत गळू शकतो. सहयोगी प्राध्यापकाला ८ वर्षं, ७ निबंध आणि ७५ गुण पुरतात. हाताने यंत्र जोडणारी माणसं तिथे जास्त मिळतील. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्या बाहेरच्या तज्ज्ञाची, नेमणूक जास्तीत जास्त ४ वर्षांची. एक अभ्यासक्रम रचायला ठीक, प्रयोगशाळा उभी करायला अपुरी.

मुलाखतीत फक्त पीपीटी पाहू नका. उमेदवाराला भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र या दोन्ही संकुलांत फिरवा, विजेचं पॅनेल दाखवा आणि विचारा, ‘पहिल्या वर्षी, आहे त्या सामानात काय कराल?’ आणि जाहिरातीत ‘भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ एवढंच लिहू नका. भूशास्त्र आणि रसायनशास्त्रही लिहा, नाहीतर बसाल्ट ओळखणारा माणूस अर्जच करू शकणार नाही.