‘ट्रान्सफर केलेत, स्क्रीनशॉट बघा’: माझे ४५,००० रुपये असे बुडाले

पॅकेजिंग डिझाइनचं काम मी पुण्यात घरूनच करते. ज्यांनी मला बुडवलं, त्यांनी अ‍ॅडव्हान्स मात्र तासाभरात दिला होता. हे आधीच सांगते, कारण अ‍ॅडव्हान्स हातात पडला की काळजी मिटली, असं मीही धरून चालले होते.

एका मसाला कंपनीसाठी सहा पाऊचची डिझाइनं, एकूण ६०,००० रुपये. ठरलं असं, की २५ टक्के आधी, ५० टक्के डिझाइन पसंत पडल्यावर आणि उरलेले २५ टक्के फायनल फाईल देताना. १५,००० लगेच जमा झाले. कांदा-लसूण मसाल्यासाठी मी लसणाचा गड्डा हातानं रंगवला होता, एक पाकळी सुटून बाजूला पडलेली. मालकांना तो फार आवडला.

पसंती आली त्याच दिवशी मी ३०,०००चं बिल पाठवलं. त्यांचा फोन आला, “ताई, दोन्ही हप्त्यांचं एकच बिल करा ना, अकाउंट्सला सोपं पडतं.” मी हो म्हटलं, आणि तिथेच चुकले. काम आपल्या ताब्यात असतानाच बरेचसे पैसे यावेत, यासाठी मधला हप्ता असतो. तो मी शेवटच्या हप्त्यात ढकलून दिला.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी घाई सुरू झाली. प्रिंटर थांबलाय, आज छपाईचे सिलिंडर करायला टाकले नाहीत तर माल आठवडाभर लांबेल. पाठोपाठ ४५,०००च्या एनईएफटीचा स्क्रीनशॉट आला, हिरव्या खुणेसकट. “उद्या-परवा बँक बंद, सोमवारी जमा होतील.” मी सगळ्या ओपन फाईल, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाईल, पाठवून दिल्या.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, रविवारीसुद्धा, आणि दर अर्ध्या तासाला बॅच निघते. हे मला तेव्हा माहीत असतं तर! नंतर तो स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला, तर वरची एक ओळ कापलेली होती, अक्षरांचे नुसते तळ दिसत होते. त्या बँकेचं अ‍ॅप वापरणाऱ्या मैत्रिणीनं तसाच पडदा उघडून दाखवला. त्या जागी ‘शेड्यूल्ड’ लिहिलेलं होतं. म्हणजे पुढच्या तारखेला लावलेला व्यवहार, जो ती तारीख येण्याआधी रद्द करता येतो.

सोमवारी सर्व्हर डाऊन, मग मालक बाहेरगावी, मग फोनच बंद. दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माझा लसूण फळीवर दिसला, सुटलेल्या पाकळीसकट. पाकीट हातात घेऊन मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

वकिलांमार्फत नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. ती काम घेण्याआधीच झालेली असती, तर बाजू भक्कम झाली असती, असं ते म्हणाले. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, एक रुपयाही लागत नाही. एकट्यानं काम करणाऱ्या प्रत्येकानं आजच करून टाका, कळकळीनं सांगते.

आता मी निम्मी रक्कम आधी घेते. पसंतीसाठी पाठवते ती कमी रिझोल्युशनची, वर आडवं माझं नाव छापलेली पीडीएफ. हप्ते आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ईमेलवर लिहून, त्यावर ‘मान्य आहे’ असं उत्तर आल्याशिवाय कामाला हात लावत नाही. दोन हप्ते एकत्र करा म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणते. त्यात दोन कामं हातची गेली, जाऊ देत.

परवा एका नव्या क्लायंटनं रात्री नऊला स्क्रीनशॉट पाठवून फाईल मागितली. “माझ्या खात्यात दिसले की लगेच पाठवते, दादा,” एवढंच लिहिलं. नऊ पंचवीसला बँकेचा मेसेज आला, साडेनऊला फाईल गेली.