१९२२ चं म्हणून विकलेलं मेटॅग: तीन मशीनांचं एक मशीन

‘मेटॅग जायराफोम, साल १९२२, सगळे भाग मूळचे, इंजिनासकट, चालू स्थितीत.’ जाहिरातीच्या या ओळीत मेटॅग हा शब्द सोडला तर बाकी एकही दावा खरा निघाला नाही. विकणाऱ्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते नावही खरं नसावं. पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो. जुन्या वॉशिंग मशीनांच्या नादाला लागलेल्या कुणालाही ती आज ना उद्या भेटणारच.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने १९१९ मध्ये ओतीव ॲल्युमिनियमचा टब बनवला आणि १९२२ मध्ये ‘जायराफोम’ बाजारात आणलं. तोवरच्या अनेक मशीनांत झाकणाला लटकवलेली लाकडी खुंट्यांची चकती कपड्यांना धरून पाण्यातून फरफटवायची. जायराफोममध्ये ॲजिटेटर, म्हणजे घुसळणारा पाती असलेला भाग, टबाच्या तळाशी गेला आणि कपड्यांऐवजी पाणी घुसळू लागला. वीज न पोचलेल्या शेतांवर हीच मशीनं पेट्रोल इंजिनावर चालत. पायाने पॅडल मारून इंजिन सुरू करायचं आणि धुराची लांब नळी दारा-खिडकीतून बाहेर सोडायची. त्यामुळे ‘पहिल्या वर्षाचं, इंजिनासकट’ एवढं म्हटलं की संग्राहकाच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि हे विकणाऱ्याला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं.

फोटो भरपूर होते. चकचकीत टब, त्यावर कपडे पिळायचा रिंगर, रिंगरचे पांढरेशुभ्र रोलर, पायाजवळचं पॅडल. मी खालच्या बाजूचा फोटो मागितला तेव्हा उत्तर आलं, ‘मशीन जड आहे, एकट्याला उलटं करता येत नाही.’ पटण्यासारखं होतं, कारण ही मशीनं खरंच जड असतात. इंजिनाचा फोटो मागितला तर पॅडलच्या बाजूचा आला. व्हिडिओत ॲजिटेटर झोकात इकडून तिकडे फिरत होता आणि त्यावर संगीत टाकलेलं होतं. मग नेहमीचं दडपण सुरू झालं: दुसरा एक जण संध्याकाळी रोख घेऊन येतोय, विसार पाठवलात तर थांबवतो. विसार दिला. त्यानंतर ‘वाहतुकीत मोडू नये म्हणून’ मशीन सुटं करून खोक्यांत पाठवतो म्हणाला, आणि त्या बांधणीचे पैसे वेगळे. रिंगरच्या खोक्याचे आणखी वेगळे. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं, विसार अडकला की पुढची प्रत्येक मागणी त्या विसाराच्या जोरावर वसूल होते.

सुटं करून पाठवण्यामागची खरी मेख खोकी उघडल्यावर कळली. जुळलेलं मशीन सुटं झालं की कुठला भाग कुठे बसत नव्हता याचा पुरावाच नाहीसा होतो. ‘तुम्हाला जोडता येत नाही’ असं म्हणायला तो मोकळा.

आधी नेमप्लेट पाहिली. पितळी पट्टी जुनी, अक्षरं घासलेली, सगळं यथास्थित. पण ती ज्या चार रिव्हेटांनी ठोकली होती त्यांच्या डोक्यात मधोमध बारीक भोक होतं. म्हणजे हे पॉप रिव्हेट, पिस्तुलासारख्या हत्याराने एका बाजूने दाबून बसवतात ते. १९२२ च्या कारखान्यातलं हे काम नव्हे. पट्टीच्या कडेने नख फिरवलं तर खाली जुन्या भोकांची खळगी लागली, लांबी (पुटी) भरून बुजवलेली. म्हणजे त्या जागी आधी दुसऱ्याच मापाची पट्टी होती आणि ही कुठल्या तरी दुसऱ्या मशीनवरून उतरवून आणलेली. नेमप्लेटा स्वतंत्र विकल्या जातात हे या नादातलं उघड गुपित आहे.

मग रिंगर. त्याच्या डोक्यावर ओतीव अक्षरांत पेटंट क्रमांक होता आणि तो वीस लाखांच्या पुढचा होता. इथे जरा थांबतो, कारण ही युक्ती फुकट आहे आणि कुठल्याही अमेरिकी मशीनला लागू पडते. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये दिलं गेलं आणि वीस लाखावं १९३५ मध्ये. क्रमांक ओळीने चढत जातात, त्यामुळे वस्तूवरचा सगळ्यात मोठा क्रमांक ज्या वर्षीचा, त्याच्या आधी ती वस्तू बनलेली असू शकत नाही. जुन्या वस्तूंवर क्रमांकाऐवजी पेटंटच्या तारखा असतात. साधारण १९२७ नंतर क्रमांक छापायची पद्धत आली. विकणारे यातली सगळ्यात जुनी तारीख उचलतात आणि तेच मशीनचं साल म्हणून सांगतात. पण पेटंटची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. एकच पेटंट वर्षानुवर्षं छापलं जातं. पाहायची असते ती सगळ्यात नवी तारीख, आणि तीही फक्त ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते.

इंजिन तर सरळसरळ दुसऱ्या काळातलं. पॅडलच्या बाजूने एकच सिलिंडर दिसत होता. दुसरा त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, पायाच्या आड. मेटॅगचं दोन सिलिंडरचं इंजिन १९३७ चं, त्याआधीची एका सिलिंडरची. म्हणजे १९२२ च्या मशीनखाली पंधरा वर्षांनंतरचं इंजिन, आणि फोटो काढणाऱ्याने कोन असा निवडलेला की दुसरा सिलिंडर कधी दिसूच नये. हा योगायोग नव्हता. सगळ्या फोटोंत कॅमेरा त्याच बाजूला होता.

सगळ्यात जास्त कौशल्य मात्र गिअरबॉक्समध्ये खर्ची पडलं होतं. हा गिअरबॉक्स तेलात चालतो. उघडला तर आत घट्ट ग्रीस ठासून भरलेलं. ग्रीस काढायला काठी वापरावी लागली, आणि काठीच्या टोकाला चिकटून आधी एक, मग आणखी एक असे गिअरच्या दात्यांचे तुकडे बाहेर आले. तुटलेल्या जागा जुन्या होत्या, कडा काळ्या पडलेल्या. ग्रीसने दोन कामं साधली होती: झिजलेल्या सीलमधून तेल गळायचं थांबलं आणि तुटक्या दात्यांचा खडखडाट दबला. उरलेला खडखडाट संगीताने झाकला. रिकाम्या टबात ॲजिटेटर फिरायला जोर लागत नाही, म्हणून व्हिडिओत तो झोकात फिरला. टब पाण्याने भरून आत दोन चादरी टाकल्या असत्या तर पहिल्याच झटक्याला अडकला असता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

रिंगरचे पांढरेशुभ्र रोलरही तसलेच. जुनं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, ते पिवळं पडतं. याने त्यावर पांढरा रंग मारला होता. नखाने खपल्या निघाल्या. ते दिसण्यापुरतं होतं म्हणून सोडून देता येईल, पण रिंगरचा सुटकेचा खटका तारेने बांधून टाकलेला होता, आणि ते सोडून देण्यासारखं नाही. बोटं रोलरमध्ये ओढली गेली तर त्या खटक्यावर हात मारून रोलर विलग करायचे असतात. या यंत्रांनी पूर्वी अनेकांचे हात चिरडले आहेत, तो खटका त्याचसाठी आला. तुटलेला खटका तारेने बांधून ‘चालू स्थितीत’ म्हणून विकणं ही नुसती लबाडी राहत नाही.

असे जोडनग इतके का सापडतात याला कारण आहे. मेटॅगची छोटी इंजिनं जमवणाऱ्यांचा वेगळाच पंथ आहे. त्यांना मशीनमध्ये रस नसतो. ते इंजिन काढून नेतात, मागे राहतो बिनइंजिनाचा टब, आणि त्यात कुणी झाडं लावतं, कुणी तो भंगारात घालतं. दुसरीकडे टब फुटलेली, पाय गंजलेली मशीनं असतात, त्यांचे चांगले भाग उतरवले जातात. दोन-तीन अर्धवट नगांचा एक पुरा नग करणं हे काही पाप नाही. मी स्वतः तशी मशीनं पाहिली आहेत, मालकाने स्वच्छ सांगून ठेवलेली, आणि ती चालतातही सुरेख. फसवणूक तिथे होते जिथे जोडकामाची किंमत ‘मूळचे’ या शब्दावर वाढवली जाते.

विजेच्या मशीनांची गत निराळी. ‘ट्रान्सफॉर्मर लावा, लगेच चालेल’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. अमेरिकी मशीन साधारण ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झवर चालायला बनलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झवर तीच इंडक्शन मोटर सुमारे सतरा टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. टायमरची मोटर वीजपुरवठ्याच्या हर्ट्‌झवर चालणारी असेल तर सगळं वेळापत्रकही रेंगाळतं. शिवाय जुन्या वायरींचं रबर हाताळताच भुगा होतं, आणि जुन्या कपॅसिटरांत पीसीबी हे घातक तेल असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. ‘मी काल चालवून पाहिलं’ म्हणणाऱ्याने ते कशावर चालवलं हे विचारलं की बहुधा संभाषण संपतं.

बेंडिक्सच्या बाबतीत एक छोटी खूण. १९३७ मध्ये आलेलं ते घरगुती स्वयंचलित मशीन जमिनीला बोल्टने आवळावं लागे, नाहीतर कपडे गरगरा फिरवून सुकवताना ते जागचं हलायचं. त्यामुळे कुणी सुट्या उभ्या बेंडिक्सचा व्हिडिओ दाखवून ‘सगळी चक्रं चालतात’ म्हणत असेल, तर त्याने सुकवण्याचं चक्र चालवलेलंच नाही.

आणि ‘१९४३ चं मॉडेल, दुर्मिळ’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा. महायुद्धासाठी अमेरिकेत घरगुती वॉशिंग मशीनांचं उत्पादन १९४२ मध्ये थांबवलं गेलं आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. मशीनं पुन्हा बनू लागली ती युद्ध संपल्यावर. दुर्मिळ तर ते असणारच.

एनॅमलबद्दलही बोलायला हवं, कारण ‘रिस्टोअर केलेलं’ या शब्दाआड सगळ्यात जास्त हेच लपतं. खरं एनॅमल म्हणजे पत्र्यावर साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली काच. ती घरी दुरुस्त होत नाही. टवका उडाला की उडाला. त्यामुळे नव्वद वर्षांच्या टबावर एकही टवका नसेल तर तो बहुधा फवारलेला रंग असतो. बोल्टच्या भोकाजवळ पाहा: एनॅमलची कड काचेसारखी तुटते, रंगाचे पोपडे निघतात. बाहेरच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. मधेच एखाद्या जागी तो पकडेनासा झाला तर तिथे गंजलेला पत्रा कापून लांबी भरलेली आहे. ओतीव ॲल्युमिनियमच्या टबाला मात्र चुंबक कुठेच चिकटणार नाही, तिथे ही परीक्षा चालत नाही.

पैशांचं काय झालं ते सांगतो. त्याने पहिल्या दिवशी ‘जुनी वस्तू, आहे तशी विकली’ म्हटलं, दुसऱ्या निरोपाला उत्तर दिलं नाही आणि मग जाहिरातच काढून टाकली. मी जाहिरातीचं पान आणि सगळे निरोप आधीच साठवून ठेवले होते. ज्या सेवेतून रक्कम पाठवली होती तिच्याकडे मुदतीत तक्रार केली. तक्रारीत ‘मशीन जुनं वाटत नाही’, ‘मला फसवलं’ असलं काही लिहिलं नाही. फक्त तीन गोष्टी दिल्या: जाहिरातीतलं ‘१९२२, सगळे भाग मूळचे’ हे वाक्य, रिंगरवरच्या पेटंट क्रमांकाचा फोटो आणि त्या क्रमांकाचं पेटंट कधीचं ते सरकारी नोंदीतलं पान. तक्रार पाहणाऱ्याला वॉशिंग मशीनमधलं काही कळत नसतं, कळायची गरजही नाही. १९३५ नंतरचा भाग १९२२ मध्ये असू शकत नाही एवढं कुणालाही कळतं. तुटक्या दात्यांवर वाद घालता आला असता, ‘वाहतुकीत तुटले’ म्हणता आलं असतं. त्या क्रमांकावर त्याला काही बोलता आलं नाही. मशीनच्या किमतीतला बराचसा भाग परत आला. बांधणीचे आणि वाहतुकीचे पैसे गेले ते गेलेच, कारण ते त्याने निराळ्या मार्गाने मागवले होते. हेही लक्षात ठेवा: तीच वस्तू, तोच माणूस, पण पैसे दोन वाटांनी मागतो, तेव्हा दुसरी वाट कुणाच्याही देखरेखीबाहेरची असते.

टब चांगला आहे, तो ठेवलाय. इंजिन मी एका इंजिनवाल्याला दिलं, ‘१९३७ किंवा नंतरचं, दुसऱ्या मशीनखालून काढलेलं’ असं लिहून. गिअर शोधतोय.

अलीकडे तोच व्हिडिओ, तेच संगीत, वेगळ्या नावाने पुन्हा दिसला. या वेळी साल १९२० टाकलं होतं, म्हणजे जायराफोम बाजारात यायच्या दोन वर्षं आधीचं. मी ओळख न देता एवढंच विचारलं, ‘इंजिनाचा पॅडलच्या विरुद्ध बाजूचा फोटो मिळेल का?’ उत्तर लगेच आलं: मशीन विकलं गेलं. जाहिरात अजून तशीच आहे.