भिगवणची होडी: पक्षी पाचपैकी पाच, नावाडी साडेतीन

हडपसरहून पहाटे साडेचारला निघालो. सोलापूर रस्त्यानं भिगवण साधारण शंभर किलोमीटर, त्यामुळे उजाडायला काठावर हजर. आमच्यासोबत सासरे होते. पक्ष्यांपेक्षा त्यांचं लक्ष थर्मासकडे जास्त.

उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी शिरली आणि नावाड्यानं इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. इथे त्याला पूर्ण गुण! नदी सुरय पक्षी डोक्यावरून सूर मारत होते, चित्रबलाक गुडघाभर पाण्यात उभे. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात म्हणे, पण इथे चिखलात बदकांसारखे निवांत बसलेले. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा लांब होता. धरण भरलेलं असलं की त्यांना चरायला उथळ पाणी मिळत नाही, म्हणून फेब्रुवारीत जावं. आम्ही डिसेंबरातच घाई केली.

तक्रार एकच, पण मोठी. शेजारच्या होडीतल्या मोबाइलवाल्यांनी आग्रह धरल्यावर आमच्या नावाड्यानंही चेव येऊन होडी थेट थव्यावर घातली. सगळे उडाले. फोटो झकास आला, मला मात्र लाज वाटली. बसतानाच "लांबूनच दाखवा दादा" असं बजावून ठेवा. ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण असली की जवळ जायची गरजच पडत नाही.

लाइफ जॅकेट मागितल्यावर मिळालं, ओलं.

नंतर काठावरच्या घरी चिलापी माशाचं कालवण आणि ज्वारीची भाकरी. सासऱ्यांनी दोनदा रस्सा मागितला. पुढच्या वेळी येणार म्हणतात, पक्ष्यांसाठी.