चार अटी की तराजू?

इंदूरला रामबागेतल्या घरी आईच्या शेवटच्या आजारपणात मॉर्फिन आमच्या हातात होतं. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत जास्तीचा डोस कधी द्यायचा, हे दादानं आणि मी ठरवायचं. कळ थांबेल, पण श्वास मंदावला तर?

कॅथलिक नीतिविचारात अशा पेचासाठी दोन रीती आहेत. जुनी दुहेरी परिणामाची, म्हणजे एकाच कृतीतून चांगलं आणि वाईट दोन्ही घडणार असेल तेव्हाची, जिचं मूळ तेराव्या शतकातले धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांच्या स्वसंरक्षणाच्या चर्चेत सापडतं. तिच्या चार अटी: कृती मुळात वाईट नसावी, हेतू चांगल्या परिणामाचाच असावा, वाईट परिणाम हे चांगल्याचं साधन नसावं आणि हानी पत्करण्याइतकं गंभीर कारण असावं. दुसरी तराजूची. १९६५ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघातले पेटर क्नाउअर यांनी जुन्या तत्त्वाचा नवा अर्थ लावला, त्यातून ती पुढे आली: हानीला पुरेसं कारण आहे का, हाच मुख्य प्रश्न. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही विचारसरणी नाकारली.

तरी तराजूच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत अडकला, तर जुन्या रीतीचे काही अभ्यासक नळीसकट काढायला मान्यता देतात, नळी वाचवून नुसता गर्भ काढायला नाही. त्या बाईनं नळी का गमवावी, याचं मनाला पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पण उशाशी बसल्यावर मला तराजूचा जाच झाला. मोजणं संपतच नाही. रात्री दहाला केलेला हिशेब दोनला पुन्हा मांडायचा. एका पारड्यात तिचं कण्हणं, दुसऱ्यात तिचे उरलेले दिवस. या दोन्हींना एकच वजन कुठून आणायचं? शिवाय तराजू धरणारा मी, तीन रात्रींचा जागलेला. माझा थकवा कुठल्या पारड्यात पडतोय, तेही कळेना.

जुनी रीत हेतू विचारते. १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना हेच सांगितलं होतं: दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवण्यासाठी औषध द्यावं, त्यानं आयुष्य थोडं घटलं तरी. मी स्वतःला एवढंच विचारलं, की कळ थांबून आई सकाळी जागी झाली, तर आपलं काम फसलं असं वाटेल का? उत्तर एका क्षणात आलं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. मला मात्र त्या प्रश्नानं डोस मोजून द्यायला हात दिला.

पहाटे ती जागी झाली आणि तिनं चहा मागितला. दादा धावतच स्वयंपाकघरात गेला.